कार्टूनच्या पंचांगात न सापडणारे सण

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

घरात लहान मूल असलं की टीव्हीचा रिमोट कोणाच्या हातात असतो, हे सांगायला नको. बातम्यांच्या वेळेलाही आमच्याकडे कार्टूनच चालू असतं आणि स्वयंपाकघरातून ये-जा करता करता मीही ते पाहते. काही वर्षं असं पाहिल्यावर माझ्या लक्षात आलं की, या कार्टूनवाल्यांचंही एक पंचांग असतं. ऑक्टोबर-नोव्हेंबर आला की दिव्यांचा भाग, मार्चमध्ये पिचकाऱ्यांचा भाग, डिसेंबरअखेर लाल टोपी आणि पांढऱ्या दाढीचा भाग. मधे गणपती, मधे दहीहंडी. हे पंचांग साधारण इथंच संपतं. रमजान ईद त्यात क्वचित डोकावते. मोहरम, बकरी ईद, बुद्धपौर्णिमा, आंबेडकर जयंती, महावीर जयंती, पतेती हे दिवस शोधायला बसावं लागतं. एकही भाग निघाला नाही असं मी म्हणणार नाही, पण मूल रोज टीव्ही पाहत असूनही त्याला तो सहज दिसत नाही, एवढं नक्की.

असं का व्हावं, याचा आज थोडा विचार करू. विषय पोरखेळाचा वाटेल, पण पोरांच्या खेळातूनच पुढं त्यांचं जग तयार होतं.

पहिलं उत्तर कोणीही देईल की, ज्यांची संख्या जास्त त्यांचे सण जास्त. ऐकायला हे बरोबर वाटतं, पण हिशेब जुळत नाही. २०११ च्या जनगणनेप्रमाणे देशात मुसलमान १४.२ टक्के आणि ख्रिस्ती २.३ टक्के आहेत. डोकी मोजून कार्टून निघत असती, तर नाताळाच्या एका भागामागे ईदचे सहा भाग निघायला हवे होते. प्रत्यक्षात उलट आहे. कोल्हापुरातल्या ज्या मुलाच्या गल्लीत एकही ख्रिस्ती घर नाही, त्यालाही सांताक्लॉज ठाऊक असतो, त्याच्या घसरगाडीला कोणता प्राणी जुंपतात हेही ठाऊक असतं.

दुसरं उत्तर रागाचं असतं. कोणीतरी मुद्दाम वगळतं म्हणे. असा पूर्वग्रह कुठंच नसेल असं मानण्याइतकी मी भोळी नाही. पण जगभरच्या कार्टूनांचा इतिहास पाहिला, तर आणखी साधी आणि म्हणूनच जास्त चिवट कारणं सापडतात. ती एकेक करून पाहू.

आधी कार्टून तयार कसं होतं ते पाहू. पडद्यावर एका सेकंदाला २४ चित्रं सरकतात. मुलांच्या कार्टूनची एक गोष्ट साधारण अकरा मिनिटांची असते. म्हणजे ६६० सेकंद आणि १५,८४० चित्रं. एक चित्र दोनदा दाखवायची युक्ती वापरली, तरी आठ हजारांच्या घरात जातात. आता संगणक आहे, प्रत्येक चित्र हातानं काढावं लागत नाही. एकदा बनवलेलं पात्र, त्याचं घर, त्याचा रस्ता पुन्हा पुन्हा वापरता येतो. छोटा भीम वर्षानुवर्षं त्याच धोतरात का दिसतो, याचं एक कारण हेही आहे. पण सण म्हटलं की नवे कपडे आले, नवी आरास आली, नवी पक्वान्नं आली. सगळं नव्यानं काढायचं. सणाचा भाग नेहमीच्या भागापेक्षा जास्त कामाचा, जास्त खर्चाचा.

एवढा खर्च एका दिवसाच्या प्रसारणातून निघत नाही. तो भाग पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी, पुन्हा पुन्हा दाखवावा लागतो. चांगल्या पैठणीसारखा तो कपाटात ठेवायचा, सणाला काढायचा आणि परत घडी घालून ठेवायचा. अमेरिकेत १९६५ साली चार्ली ब्राऊन नावाच्या उदास मुलाचा नाताळाचा भाग निघाला. साधारण सहा महिन्यांत तयार झालेला हा अर्ध्या तासाचा कार्यक्रम पुढं कित्येक दशकं दर डिसेंबरात तिथल्या टीव्हीवर लागत राहिला. त्याचा प्रायोजक होता कोकाकोला. त्याच्या आदल्या वर्षी, १९६४ मध्ये, लाल नाकाच्या रुडॉल्फ नावाच्या हरणाचा कार्यक्रम आला, त्यामागं जनरल इलेक्ट्रिक ही विजेच्या उपकरणांची कंपनी होती. भेटवस्तू घ्यायचा हंगाम, घराघरांत टीव्हीसमोर बसलेली मुलं आणि त्यांच्या शेजारी बसलेले पैसे खर्च करणारे आईबाप. कंपनीला आणखी काय हवं?

आपल्याकडे हे नवीन नाही. १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि मराठीत दिवाळी अंकांची परंपरा सुरू झाली. दिवाळीला वाचक फुरसतीत असतो, खिशात चार पैसे असतात आणि जाहिरातदारही हात सैल सोडतो. ‘किशोर’सारख्या मासिकाच्या जाड दिवाळी अंकाची वाट पाहत आमची पिढी वाढली. त्यात सणाचा आनंद होता आणि बाजाराचा हिशेबही होता. दोन्ही एकमेकांचा हात धरूनच चालतात. कार्टूनचा सण हा दिवाळी अंकाचाच धाकटा, हलणारा भाऊ आहे.

मग नाताळ आपल्या टीव्हीवर एवढा का? कारण तो आयता येतो. १९९५ मध्ये कार्टून नेटवर्क भारतात आलं, ते परदेशातला जुना साठा घेऊनच. टॉम आणि जेरीचा नाताळाचा भाग १९४१ सालचा आहे. म्हणजे भारत स्वतंत्र व्हायच्या आधी काढलेलं झाड अजून आमच्या दिवाणखान्यात लुकलुकतं! जपानी कार्टूनांतून तसंच जपानी नववर्ष आलं. तिथं नववर्षाला वडीलधारी माणसं मुलांना पाकिटातून पैसे देतात. ‘डोरेमॉन’ पाहणाऱ्या मुलांना ही चाल माहीत असते. आमच्याकडे ईदच्या सकाळी मुलं सलाम करतात आणि मोठी माणसं त्यांच्या हातावर ईदी ठेवतात, ते हुबेहूब हेच. पण जपानी पाकीट पडद्यावर पोहोचलं, शेजारच्या गल्लीतली ईदी पोहोचली नाही.

आता तारखेकडे येऊ. कपाटातली पैठणी काढायची, तर सण कधी हे आधी कळायला हवं. नाताळाचा प्रश्नच नाही, २५ डिसेंबर. दिवाळी, गणपती इंग्रजी तारखांच्या हिशेबात मागंपुढं होतात, पण फार तर महिनाभर, आणि तेही पंचांगात कित्येक वर्षं आधी छापता येतं. ईदचं तसं नाही.

याचं गणित सोपं आहे आणि सुंदरही आहे. चंद्राचा महिना साडेएकोणतीस दिवसांचा. असे बारा महिने म्हणजे ३५४ दिवस. सूर्याचं वर्ष ३६५ दिवसांचं. दरवर्षी अकरा दिवसांची तूट पडते. आपलं मराठी पंचांगही चंद्राच्या महिन्यांचंच, पण ते साधारण पावणेतीन वर्षांनी एक अधिक महिना घालून ती तूट भरून काढतं. म्हणून दिवाळी पाऊस संपल्यावरच येते आणि पाडवा पालवी फुटल्यावरच. इस्लामी कालगणनेत अधिक महिना धरत नाहीत. त्यामुळं ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते आणि सुमारे ३३ वर्षांत सगळ्या ऋतूंमधून फिरून येते. २००० या एकाच इंग्रजी वर्षात रमजान ईद दोनदा आली, जानेवारीत एकदा आणि डिसेंबरअखेर एकदा. २०३३ मध्ये पुन्हा तसंच होणार आहे.

दोन्ही पंचांगं एकाच चंद्राकडे पाहत असल्यामुळं त्यांची गाठही पडते. २००४, २००५ आणि २००६ अशी सलग तीन वर्षं दिवाळी आणि रमजान ईद हातात हात घालून आली. त्या वर्षी आमच्याकडून शीरखुर्म्याचा डबा ज्या घरी जायचा, तिथून तो चकल्या-करंज्या घेऊनच परत यायचा. २०२४ मध्ये गुढीपाडवा ९ एप्रिलला आणि ईद ११ एप्रिलला होती. २०२५ मध्ये तर पाडवा ३० मार्चला आणि दुसऱ्याच दिवशी ईद. यात चमत्कार नाही. पाडवा म्हणजे अमावास्येनंतरची प्रतिपदा, ईद म्हणजे अमावास्येनंतर पहिल्यांदा दिसलेली चंद्रकोर. एकाच गोष्टीची ही दोन नावं म्हणा ना!

पण टीव्हीच्या वेळापत्रकाला चंद्रकोर परवडत नाही. जाहिरातींच्या वेळा कित्येक दिवस आधी विकलेल्या असतात आणि ईद उद्या की परवा, हे आदल्या संध्याकाळी गच्चीवर जाऊन ठरतं. शिवाय पडद्यावर ऋतू कोणता काढायचा? दिवाळीला पहाटेचा गारवा ठरलेला, नाताळाला बर्फ ठरलेला, कोल्हापुरात कधी पडला नसला तरी. ईदला काय? मी पन्नाशी ओलांडली आहे. मी पावसात भिजत ईदगाहकडे निघालेली माणसं पाहिली आहेत, मे महिन्याच्या उन्हात पाहिली आहेत आणि थंडीत शाली गुंडाळूनही पाहिली आहेत. कवीला ही चैन आहे, चित्रकाराला अडचण.

तारखेचं कारण मात्र फार ताणू नये. ते पुरतं खरं असतं, तर १४ एप्रिलचं काय? आंबेडकर जयंतीची तारीख कधीच हलत नाही. निळे झेंडे, दिव्यांच्या माळा, मिरवणूक, वाजंत्री, नवे कपडे, रात्री बारा वाजता पुतळ्यापाशी जमलेली गर्दी, चित्राला लागतं ते सगळं त्या दिवसात आहे. वर एका मुलाची गोष्टही आहे, शाळेत वेगळं बसवलेल्या आणि तहान लागली तरी माठाला हात लावू न दिलेल्या मुलाची. तरीही कार्टूनचं पंचांग त्या पानावर थांबत नाही. उलट, अरब देशांत हीच सरकती ईद आणि हाच चंद्र असूनही तिथं रमजान हा टीव्हीचा सर्वांत मोठा हंगाम असतो. इफ्तारीनंतर घरं भरलेली असतात, म्हणून नव्या मालिका त्याच महिन्यासाठी राखून ठेवतात. दुबईची ‘फ्रीज’ ही चार म्हाताऱ्या शेजारणींची कार्टून मालिका २००६ च्या रमजानातच सुरू झाली. म्हणजे दोष चंद्राचा नाही. जिथं बाजाराला सण दिसतो, तिथं तारखेची अडचण सुटते. जिथं दिसत नाही, तिथं ठरलेली तारीखही उपयोगी पडत नाही.

तिसरं कारण चित्राचं आहे. कार्टूनला नायक लागतो. आपल्या पुराणांत तो तयारच आहे. २००५ मध्ये ‘हनुमान’ आला, २००७ मध्ये ‘बाल गणेश’. खोड्या काढणारा, लोणी चोरणारा, सूर्याला फळ समजून झेपावणारा बाळदेव म्हणजे कार्टूनकाराला वरदानच. देवाला लेकरू करून कडेवर घ्यायची आपल्या मराठी संतांचीही जुनीच रीत आहे. ईदला असा नायक नाही. पैगंबरांचं चित्र काढायचं नाही, हा आमचा आदराचा भाग आहे. मग पडद्यावर काय दाखवणार? बहुतेक वेळा एक चंद्रकोर, एक मशीद, एक टोपी आणि ‘ईद मुबारक’ची पाटी. भाग संपला. ही चित्रं खोटी नाहीत, पण त्यात गोष्ट नाही.

काही दिवस तर कार्टूनला मुळातच अवघड. बकरी ईद घ्या. कार्टूनच्या जगात बोकड बोलतो, गाणी म्हणतो, नायकाचा जिवलग मित्र असतो. तिथं कुर्बानीची गोष्ट कशी सांगणार? मोहरम हा दुःखाचा दिवस, ‘मुबारक’ म्हणायचा नव्हे. हे फक्त आमच्याच वाट्याला आलेलं नाही. नाताळाची शेकडो कार्टून आहेत, गुड फ्रायडेचं कोणी पाहिलं आहे का? आणि दिवाळीचे भाग काढणाऱ्यांनी सर्वपित्री अमावास्येचा एक तरी काढला आहे का? कार्टूनला हसरा सण लागतो. पण माणसं सणाच्या दिवशी गेलेल्यांना आठवतातही, हे मुलांना कळू नये असं थोडंच आहे?

त्यात भीतीची भर. धर्माचा विषय आला की, कोणाच्या भावना दुखावतील याचा नेम नाही. ज्या सणाची आतून माहिती नाही, त्याचा भाग लिहिताना लेखक दहादा थांबतो आणि शेवटी पिचकाऱ्यांकडे वळतो. पिचकारीवरून कोणी कोर्टात जात नाही.

इथवर मी ईद आणि १४ एप्रिलबद्दल बोलले, म्हणून कोणाला हा अल्पसंख्याकांचाच प्रश्न वाटेल. तसं नाही. कोल्हापूरच्या कोणत्याही घरातल्या मुलाला विचारा. टीव्हीवर होळीच्या दुसऱ्या दिवशी सगळं गाव रंगतं. आपल्याकडे रंग खेळतात तो रंगपंचमीला. आपला बेंदूर आषाढात येतो. मातीचे बैल विकायला येतात, बैलांच्या शिंगांना रंग लागतो, गावोगावी कर तोडतात. कार्टूनमध्ये बेंदूर पाहिल्याचं मला आठवत नाही. दिवाळीतला सर्वांत मोठा उद्योग म्हणजे अंगणातला किल्ला. माती कालवायची, हळीव पेरायचं, मावळे मांडायचे. यात आमच्या मोहल्ल्यातली पोरंही कोपरापर्यंत चिखलात असतात. टीव्हीवरच्या दिवाळीत फटाके आणि मिठाई असते, किल्ला नसतो. कारण एकच चित्र हिंदीत, तमिळमध्ये, तेलुगूत, बंगालीत चालवायचं असतं. जे सगळीकडे ओळखीचं आहे तेवढंच उरतं, बाकीचं गाळलं जातं. त्या चाळणीतून आधी ईद खाली पडते, मग बेंदूर आणि शेवटी किल्लाही.

आणि आपल्याकडच्या खास गोष्टी तर त्या चाळणीत जातच नाहीत. २०१८ आणि २०१९ मध्ये गणपती आणि मोहरम एकत्र आले. कोल्हापुरातल्या काही तालमींनी एकाच मांडवात गणपती आणि पंजे बसवले. तालीम तीच, पोरं तीच, वर्गणीची पावतीही तीच. एका बाजूला मोदक, दुसऱ्या बाजूला चोंगे आणि सरबत. आपल्याच जिल्ह्यातल्या कुरुंदवाडला मशिदीत गणपती बसतो, सांगली जिल्ह्यातल्या गोटखिंडीतही बसतो. कोल्हापुरात पंज्यांची सेवा करणाऱ्यांत कितीतरी हिंदू घराणी आहेत. मुलांसाठी यापेक्षा सुरस गोष्ट कोणती? पण मुंबई-हैदराबादच्या स्टुडिओत बसलेल्या लेखकाला ती माहीत असायचं कारण नाही आणि आपण ती त्याला सांगितलेली नाही.

यात एवढं बिघडलं काय, असं कोणी विचारेल. कार्टूनमध्ये सण नाही म्हणून घरातला सण थांबतो का? थांबत नाही. पण माझ्या नातवाची एक गोष्ट सांगते. तो दुसरीत असताना शाळेत ‘माझा आवडता सण’ असं चित्र काढायला सांगितलं होतं. ईद होऊन पंधरा दिवसही झाले नव्हते. नवे कपडे, ईदी, मावशीकडे जेवण, मुस्लिम बोर्डिंगच्या मैदानावरची नमाज, अब्बांच्या खांद्यावरून पाहिलेली गर्दी, सगळं ताजं होतं. त्यानं चित्र काढलं ते नाताळाच्या झाडाचं. मी विचारलं, ‘का रे, ईद आवडत नाही?’ तो म्हणाला, ‘आवडते ना, नानी. पण हे मला काढता येतं.’

त्या एका वाक्यात सगळं आलं. कार्टून मुलांना सण देत नाही, सणाचं चित्र देतं. कोणत्या सणाला कोणता आकार, कोणता रंग, कुठून सुरुवात करायची, हे हाताला शिकवतं. ज्या सणाचं चित्र मुलानं पाहिलं नाही, तो त्याच्या मनात असतो, पण कागदावर उतरत नाही. आणि जे वर्गातल्या कागदावर येत नाही, ते शेजारच्या बाकावरच्या मुलालाही दिसत नाही. त्याला वाटतं, ईद म्हणजे शाळेला सुट्टी आणि बिर्याणी. आमच्या पोराला वाटतं, आपला सण घरात बोलायचा, बाहेर दुसऱ्यांचे. सहा-सात वर्षांच्या वयात पडलेल्या या रेघा पुढं पुसायला फार कष्ट पडतात.

हे बदलता येतं, याचे दाखले आहेत. अमेरिकेतले ज्यू लोक नाताळाच्या लाटेत अनेक वर्षं असेच बाजूला होते. १९९५ मध्ये ‘रगरॅट्स’ या लोकप्रिय कार्टूननं त्यांच्या वल्हांडण सणाचा भाग काढला. त्यात आजोबा माळ्यावर अडकतात आणि तिथं बसून नातवंडांना मिसरच्या गुलामीतून सुटकेची जुनी कथा सांगतात. पोरं ती आपल्या डोक्यात घडवतात, नेहमी दादागिरी करणारी मुलगी आपोआप फॅरो होते! काहींनी आजोबांच्या चेहऱ्याच्या रेखाटनाला नाव ठेवलं, पण भाग गाजला आणि पुढच्या वर्षी त्यांच्याच हनुक्का सणाचा भाग आला. तो विचार सुचायला लिहिणाऱ्यांच्या टेबलाभोवती त्या घरांतली माणसं होती, हे महत्त्वाचं.

मलेशियातलं उदाहरण मला अधिक जवळचं वाटतं. ‘उपिन आणि इपिन’ ही जुळ्या भावांची मालिका २००७ च्या रमजानात सुरू झाली. सुरुवातीला फक्त सहा छोटे भाग. आईबाप नसलेली दोन पोरं आजी आणि मोठ्या बहिणीबरोबर खेड्यात राहतात. पहिल्यांदा रोजा धरायचा आहे, भूक आवरत नाही, एवढीच गोष्ट. ना उपदेश, ना मशिदीचं भव्य चित्र. त्यांच्या मित्रांत चिनी मुलगी आहे, शीख मुलगा आहे. पुढं त्याच मालिकेत दिवाळीही आली. आधी आपल्या घरातली गोष्ट नीट सांगितली, म्हणून शेजाऱ्याच्या घरात जायला दार मोकळं झालं.

आणि आपल्याकडे? ईदवरची सर्वांत गाजलेली बालकथा प्रेमचंदांनी १९३० च्या दशकात लिहिली, ‘ईदगाह’. चार-पाच वर्षांचा पोरका हमीद ईदच्या जत्रेला जातो. बाकीची पोरं मिठाई आणि खेळणी घेतात, तो तीन पैशांत चिमटा घेतो, कारण भाकरी भाजताना दादीची बोटं पोळतात. या गोष्टीत चमत्कार नाही, नायकाला शक्ती देणारा लाडू नाही. तरी ज्यानं ती शाळेत वाचली, मग तो कोणत्याही धर्माचा असो, त्याला ईद कळली. लिहिणारा मुसलमान नव्हता, पण त्या घराच्या चुलीपर्यंत गेला होता. ईदला नायक नाही असं मघाशी मी म्हणाले. नायक आहे. तो हमीदसारखा एखादा पोर असतो, फक्त त्याची गोष्ट कोणी लिहायला हवी.

म्हणून मला वाटतं, वाहिन्यांकडे तक्रारीचे अर्ज करण्याआधी आपण आपल्या वह्या काढाव्यात. कार्टून हवेतून जन्मत नाही. ‘मोटू-पतलू’ २०१२ मध्ये टीव्हीवर आले, पण त्याआधी कित्येक वर्षं ते ‘लोटपोट’ या हिंदी मासिकाच्या पानांत धावत होते. कागदावर जे आहे, तेच कधीतरी हलायला लागतं. स्टुडिओ उभा करायला पैसा लागतो, गोष्ट लिहायला वही-पेन पुरतं. ईदच्या आदल्या रात्री मेंदी वाळेपर्यंत हात पसरून बसलेली मुलगी, १४ एप्रिलला पहिल्यांदाच लेझीम हातात मिळालेला मुलगा, मातीच्या बैलाचं शिंग मोडलं म्हणून रडणारं पोर, गणपती आणि पंजा दोन्हींच्या मिरवणुकीत नाचून पाय दुखवून घेतलेला तालमीतला पोरगा. मराठीत या गोष्टी मुलांसाठी फार थोड्या लिहिल्या गेल्या आहेत. लेखकांनी त्या लिहाव्यात, मासिकांनी मागून घ्याव्यात. शिक्षकांनी चित्राचा विषय देताना ‘तुझ्या शेजारच्या घरातला सण’ असाही एखादा द्यावा. मुलाला आधी शेजाऱ्याच्या दारात जाऊन विचारावं लागेल आणि तिथं काहीतरी गोड खायलाही मिळेल.

येत्या काही वर्षांत रमजान ईद उन्हाळ्याकडून थंडीकडे सरकत जाईल. कोणाला तिची गोष्ट लिहायची असेल, तर ऋतूची काळजी करू नये. हवा तो ऋतू घ्यावा. ईदला सगळे चालतात.